पिन एक, केबल अनेक

मोबाईल फोनला वीज पुरविणाऱ्या केबलची पिन सर्वत्र एकच असावी, ही ग्राहकांची जुनी मागणी आता बव्हंशी पुरी झालेली आहे. युरोपीय संघाने २०२२ साली केलेला कायदा २८ डिसेंबर २०२४ पासून अमलात आला आणि तेथे विक्रीस येणाऱ्या नव्या फोनांना, टॅब्लेटांना व कॅमेऱ्यांना टाइप-सी हीच पिन बंधनकारक झाली. लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख नेमून देण्यात आली. २०१२ पासून आपली निराळी पिन जिवापाड जपणाऱ्या अ‍ॅपल कंपनीनेही २०२३ च्या सप्टेंबरात नव्या फोनांवर तिचा त्याग केला. आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने उत्पादकांना एकत्र बसवून त्यांची संमती मिळविली आणि पुढल्याच जानेवारीत भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे मानक जाहीर केले. एवढे सर्व झाल्यावर घरोघरच्या टेबलाच्या खणातला केबलांचा गुंता सुटावयास हवा होता. तो सुटलेला नाही. पूर्वी परकी केबल फोनात शिरतच नसे, त्यामुळे ती आपली नव्हे हे तत्काळ कळे. आता ती शिरते, आणि कळावयाचे ते मागाहून कळते.

टाइप-सी हे नाव केवळ टोकाच्या आकाराचे आहे, ही साधी गोष्ट ग्राहकाला कोणी नीट सांगितलीच नाही. त्या इवल्याशा टोकात चोवीस संपर्कबिंदूंची सोय असते. परंतु त्यांपैकी किती बिंदूंना आतून तारा जोडलेल्या आहेत, हे बाहेरून दिसत नाही. एका केबलमधून ६० वॅटपर्यंत वीज वाहते, दुसरीतून २४० वॅट. एक केबल सेकंदाला ४८० मेगाबिट वेगाने माहिती नेते, दुसरी ४० गिगाबिट, म्हणजे ऐंशीपटीहूनही अधिक. लॅपटॉपमधील चित्र मोठ्या पडद्यावर उमटविणे एकीला साधते, दुसरीला मुळीच साधत नाही. केवळ वीज वाहणाऱ्या, माहितीची तारच नसलेल्या केबलही बाजारात आहेत. पुण्याच्या तापकीर गल्लीत काय किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, या सगळ्या एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगलेल्या दिसतात आणि त्यांच्यातला फरक विचारला तर रंग आणि लांबी एवढाच सांगितला जातो. महाग वस्तू घेतली म्हणजे सुटका झाली, असेही नाही. २०२३ च्या आयफोन १५ प्रो या फोनची क्षमता सेकंदाला १० गिगाबिटची. पण त्याच्याच पेटीतून मिळालेली केबल ४८० मेगाबिटची होती. जे काम एक मिनिटात व्हावयाचे, त्यास त्या केबलवर वीस मिनिटे मोजावी लागणार!

काही कंपन्यांनी त्यावर आणखी एक कुंपण घातले आहे. ओप्पो, वनप्लस आदींच्या जलद चार्जिंगची पद्धत त्यांची स्वतःची आहे. दुसऱ्याचा चार्जर व केबल लावली तर फोन चार्ज होतो, पण रखडत होतो. घरातील वडीलधारे माणूस मग ‘बॅटरी गेली’ असे म्हणून फोन दुरुस्तीला नेते. युरोपच्या कायद्याने निदान एवढे केले, की १५ वॅटहून अधिक वीज घेणाऱ्या प्रत्येक उपकरणाला स्वतःच्या पद्धतीसोबत सर्वांना खुली असलेली पद्धतही समजली पाहिजे.

गोंधळाचे पुष्कळसे श्रेय नावे ठेवणाऱ्यांकडे जाते. ही मानके ठरविणारी उत्पादकांची जी मंडळी आहे, तिने सेकंदाला ५ गिगाबिट या एकाच वेगाला आधी ३.०, नंतर ३.१ जेन १ आणि त्यानंतर ३.२ जेन १ अशी नावे दिली. पाळण्यातले नाव निराळे आणि शाळेतले निराळे अशी मुले आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. पण इयत्ता तीच राहून हजेरीपटावर तीन नावांनी लागलेले मूल पाहिलेले नाही. अखेर २०२२ साली याच मंडळीने ही नावे बाजूस सारून वेष्टनावर केवळ वेग व वॅट यांचे आकडे छापावेत असे ठरविले. निर्णय उत्तम होता. परंतु ती चिन्हे रीतसर तपासून घेतलेल्या मालापुरतीच आहेत आणि तपासून घेणे ऐच्छिक आहे.

येथे मंद केबल आणि धोकादायक केबल यांत फरक केला पाहिजे. मानकाप्रमाणे बनविलेली केबल कमी ताकदीची असली तरी अपाय करीत नाही. चार्जर आणि उपकरण आधी आपसांत बोलणी करतात, आणि ६० वॅटहून अधिक वीज वाहून नेऊ शकणाऱ्या केबलमध्ये आपली कुवत सांगणारी एक चिप बसविलेली असते. ती नसेल तर चार्जर आपला हात आखडता घेतो. धोका आहे तो मानक धाब्यावर बसवून केलेल्या मालाचा. गूगल कंपनीतील अभियंता बेन्सन ल्युंग याने २०१५ च्या नोव्हेंबरापासून बाजारातल्या टाइप-सी केबल एकेक विकत घेऊन तपासावयास आरंभ केला. पुष्कळांत ५६ हजार ओहमच्या जागी १० हजार ओहमचा रोधक त्यास आढळला. या एवढ्याशा फरकामुळे फोनची अशी समजूत होते, की समोरचा चार्जर तीन अँपिअर देण्यास समर्थ आहे. आणि मग बिचाऱ्या जुन्या चार्जरकडून किंवा संगणकाच्या पोर्टकडून त्याच्या शक्तीबाहेरची वीज मागितली जाते. २०१६ च्या फेब्रुवारीत तर तारांची उलटापालट झालेल्या एका केबलने ल्युंगचा लॅपटॉपच निकामी केला. पुढील महिन्यात अ‍ॅमेझॉनने मानकाबाहेरच्या टाइप-सी केबलांना आपल्या बाजारात मनाई केली. एका माणसाने चिकाटीने केलेल्या तपासणीचे हे फळ होय. ती तपासणी शासनसंस्थांनी करावयाची, की हौशी अभियंत्यांनी?

आपल्या देशाला हा अनुभव नवा नाही. ‘शेर’ हा शब्द सर्वत्र एकच होता, पण गावोगावचा शेर निराळा भरे. १९५६ च्या कायद्याने आणि १९५८ च्या ऑक्टोबरापासून आलेल्या मेट्रिक वजनांनी ती अंदाधुंदी मोडून काढली; आणि ती केवळ ‘किलोग्रॅम’ हा शब्द रूढ करून मोडली नाही, तर प्रत्येक दुकानातील वजन तपासून त्यावर सरकारी छाप उमटविण्याची सक्ती करून मोडली. विजेच्या दिव्याचे पाहा. होल्डर सगळीकडे सारखा, पण चाळीसचा दिवा कोणता आणि शंभराचा कोणता, हे त्याच्या काचेवरच लिहिलेले असे.

आमची मागणी एवढीच आहे. किती वॅट आणि किती वेग, हे दोन आकडे प्रत्येक केबलच्या टोकावर ठसठशीत कोरलेले असावेत. वेष्टनावर नव्हे, कारण वेष्टन पहिल्याच दिवशी केराच्या टोपलीत जाते. चार्जरवरील भिंगातून वाचावयाच्या अक्षरांसारखेही नव्हे. आता फोनच्या पेटीत अनेकदा चार्जर नसतोच. ग्राहकाने तो स्वतः निवडावा अशी अपेक्षा असेल, तर निवडीचे साधन त्याच्या हाती देणे हे उत्पादकाचे व सरकारचे कर्तव्य ठरते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने मालाचा दर्जा, क्षमता व मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिलेलाच आहे. मानक ब्यूरोने मानक जाहीर केले. आता ते मालावर वाचता येईल अशी सक्ती झाली पाहिजे.

तोवर वाचकांनी आपल्यापुरती सावधगिरी बाळगावी. बहुतेक फोनांना ६० वॅटची चांगली केबल पुरते. लॅपटॉपसाठी आधी त्याच्या चार्जरवरील वॅटचा आकडा पाहावा आणि त्याहून कमी क्षमतेची केबल घेऊ नये. फोनसोबत आलेल्या केबलला घरी आणल्याबरोबर कागदाची चिठ्ठी चिकटवावी. आणि नवी केबल घेताना दुकानदार तोंडाने जे वॅट सांगेल ते बिलावर लिहून मागावेत. तक्रार करण्याची वेळ आलीच, तर आपण राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे हे बिल पुरावा म्हणून ठेवता येईल.