सागराचे आम्लीकरण आणि माशांचा सांगाडा

मानवी व्यवहारांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश वायू सागर शोषून घेतो. पाण्यात विरघळलेल्या या वायूपासून कार्बनिक आम्ल तयार होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी सागरपृष्ठाचा सामू सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या खाली जाऊ लागला आहे. घट अल्प भासली, तरी सामू ०.१ ने उतरला की हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी वाढते. समुद्राचे पाणी आजही अल्कधर्मीच आहे. त्याचा अल्कधर्मीपणा घटत आहे, यालाच आम्लीकरण म्हणतात.

हाड आणि शिंपला

आम्लीकरणामुळे माशांची हाडे विरघळतील, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो बरोबर नाही. तिसऱ्या, कालवे व प्रवाळ यांची कवचे कॅल्शियम कार्बोनेटची असतात व त्यांना थेट धोका पोहोचतो. माशांची हाडे मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेटची असतात आणि ती शरीराच्या आत सुरक्षित असतात. शिवाय मासा कल्ल्यांच्या साहाय्याने रक्तातील आम्लतेचे नियमन करतो. मात्र या नियमनासाठी त्याला ऊर्जा खर्चावी लागते. कल्ले पूर्ण विकसित न झालेल्या पिल्लांना हा भार अधिक जाणवू शकतो.

डोक्यातील खडे

घोळ, ढोमा यांसारख्या माशांच्या डोक्यात पांढरे खडे सापडतात, हे कोकणातील मच्छीमारांना ठाऊक आहे. हे कर्णाश्म होत. माशाचा तोल व श्रवण त्यांवर अवलंबून असते. ते हाडाचे नसून कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. याच कुळातील 'व्हाइट सी बास' या अमेरिकी माशाच्या पिल्लांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. अधिक कार्बन डायऑक्साइड असलेल्या पाण्यात कर्णाश्म झिजले नाहीत, उलट मोठे झाले. आम्लतेच्या नियमनासाठी मासा शरीरात बायकार्बोनेट साठवतो व त्यातूनच खड्यांची वाढ होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

आपल्या पाकटाच्या जवळच्या 'लिटल स्केट' या कूर्चायुक्त माशाबाबतचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आम्लीकरणाने त्याच्या सांगाड्याच्या काही भागांतील खनिजांचे प्रमाण वाढले, तर तापमानवाढीने परांमधील प्रमाण घटले. सारांश, सांगाडा विरघळत नाही. त्याची घडण बदलते. जड सांगाड्याचा पोहण्यावर परिणाम होणे शक्य आहे.

पश्चिम किनाऱ्याचा संदर्भ

अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी काळात खोलातील पाणी किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यावर येते. त्यात प्राणवायू कमी व कार्बन डायऑक्साइड अधिक असतो, म्हणजेच त्याचा सामूही कमी असतो. येथील जीवांना हा ताण ऋतुमानानुसार आधीपासूनच सोसावा लागतो. जागतिक आम्लीकरणाची त्यात भर पडत आहे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीजवळच्या समुद्रात घेतलेली निरीक्षणे या दृष्टीने मोलाची आहेत.

२०१५ साली स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी चौदाव्या उद्दिष्टात आम्लीकरण कमीत कमी ठेवण्याचे लक्ष्य आहे. त्यासाठी कार्बन उत्सर्जन घटविणे हाच मूळ उपाय होय. त्याच्या जोडीला घोळ, ढोमा, पाकट या आपल्या जातींवर प्रयोग होणे आणि किनाऱ्यावर सामूची नियमित नोंद ठेवणे आवश्यक आहे. परदेशी माशांवरील निष्कर्ष दिशा दाखवतात; आपल्या मच्छीमारांच्या उपजीविकेविषयीचे निर्णय मात्र आपल्याच समुद्राच्या नोंदींवर आधारले पाहिजेत.