वाढत्या मापाचे व्हायोलिन

मुलांचा कपडा दोन बोटे मोठा शिवावा, हा आपल्या घरांचा शिरस्ता. व्हायोलिनपुरता तो मोडावा. कन्येला सातवे लागताच वाद्य घ्यायचे ठरले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी “पुऱ्या मापाचेच घ्या, जन्मभर पुरेल” असा कौल दिला. मी मानला नाही. मोठ्या वाद्यावर चिमुकली बोटे ताणतात, मनगट दुखते, स्वर घसरतो. आणि पोर समजते, आपल्यालाच सूर नाही!

व्हायोलिने पाव, अर्धी, पाऊण अशी मिळतात. (अर्धे म्हणजे निम्मे नव्हे! पुऱ्याची लाकडी पेटी सुमारे १४ इंच लांब, तर अर्ध्याची सव्वाबाराच्या आसपास.) वाद्य हनुवटीखाली धरून डावा हात लांबवावा, कोपर किंचित वाकलेले राहून बोटांनी टोकाचे वळण सहज कवेत आले, तर माप बरोबर. कन्येला पाव बसले.

चकाकीपेक्षा खुंट्या पाहाव्या. पिळल्यावर जागच्या जागी ठरतात ना? राळेची वडी हवीच, कारण कोऱ्या गजातून आवाज निघत नाही. खांद्याची टेकणी मात्र गुरुजींना विचारूनच. मांडी घालून, वाद्याचे टोक पायावर टेकवून वाजवणाऱ्यांना ती सहसा लागत नाही.

दोनेक वर्षांत हे वाद्य तोकडे पडेल, तेव्हा विकून अर्धे घेऊ. शेजाऱ्यांचा बाळू आत्ता पाच वर्षांचा आहे!