खंडाळ्याच्या खडकावरचा संदेष्टा

नीरेत पादुकांना स्नान घालून ज्ञानोबांची पालखी दर वर्षी लोणंदला मुक्कामाला येते, त्यामुळे इथल्या माणसाला यात्रा काय असते हे सांगावं लागत नाही. पण मराठी बोलणाऱ्या ज्यूंचीही एक यात्रा आहे, आणि ती खंडाळ्याला भरते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. हा खंडाळा म्हणजे लोणंदचा तालुका नव्हे, की घाटातलं थंड हवेचं ठिकाणही नव्हे. हे अलिबागजवळचं खेडं.

ज्यू यात्रा म्हटली की जगाला आठवतं ते उत्तर इस्राएलमधलं मेरोन. तिथे दुसऱ्या शतकातले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, शिमोन बार योखाय यांचं थडगं आहे. वल्हांडण सणाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजलेल्या तेहतिसाव्या दिवशी, लाग बाओमेरला, तिथे लाखोंची दाटी होते, रात्रभर होळ्या पेटतात आणि तीन वर्षांच्या मुलांचं जावळ काढतात. 2021 मध्ये तिथल्या चेंगराचेंगरीत 45 माणसं गेली.

खंडाळ्यात थडगं नाही, आणि ते असणारच नाही. तिथला संदेष्टा एलियाहू बायबलनुसार मेलाच नाही. अग्निरथातून तो सदेह स्वर्गात गेला. जाताना त्याचा रथ इथे टेकला, अशी या मराठी ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएल समाजाची, श्रद्धा आहे. खडकावरच्या खुणा ते घोड्यांच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या मानतात. म्हणून या जागेचं नाव ‘एलियाहू हनाबीचा टापा’. ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, झाडांच्या सणाच्या दिवशी इथे लोक जमतात.

या श्रद्धेचं मूळ मला त्यांच्या इतिहासातच दिसतं. परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे कित्येक पिढ्या हे लोक कोकणात घाण्यावर तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत. गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. गावांवरून त्यांची आडनावं रोहेकर, पेणकर, नवगावकर अशी झाली. सुंता, शब्बाथ आणि ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना अशा मोजक्या गोष्टी त्यांनी टिकवल्या. रब्बी नव्हता, त्यामुळे कुणा ज्ञानी गुरूची समाधीही नव्हती. संदेष्टा मात्र होता. बुडालेल्यांना त्यानेच पुन्हा जिवंत केलं, असंही ते सांगतात.

तालमूद या ज्यू धर्मग्रंथातली एक कथा इथे मला फार मोलाची वाटते. रोमन सत्तेच्या भीतीने शिमोन बार योखाय मुलासह बारा वर्षं गुहेत दडून होते. बादशहा मेल्याची वार्ता घेऊन गुहेच्या तोंडाशी आला तो एलियाहूच. मेरोनच्या रब्बीला बाहेर बोलावणारा आणि कोकणातल्या घराघरात बोलावला जाणारा संदेष्टा एकच आहे.

कारण बेने इस्राएल त्याला टाप्यावरच भेटतात असं नाही. सुंता, लग्न, नवं घर, फेडलेला नवस, प्रत्येक वेळी मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं. हिब्रू प्रार्थना होते, एलियाहूचं स्तोत्र म्हणतात, मग सगळ्यांना वाटप. भिंतीवर रथारूढ एलियाहूची तसबीर असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर या समाजाने बायबलमधल्या आख्यानांवर मराठीत कीर्तनं रचली. वारकरी मुलखातल्या वाचकाला याचं अप्रूप वाटावं.

1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणावर, विशेषतः लग्नांच्या बाबतीत, शंका घेतली. आंदोलनं झाली, तेव्हा 1964 मध्ये सरकारने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्य केलं. ती शंका अपमानास्पदच होती. तरी मलिदा त्यांनी सोडला नाही. हैफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाहूची गुहा आहे. तिथे जाऊन ते पोहे-खोबऱ्याचं ताट मांडतात, आणि कोकणात आले की खंडाळ्याची वाट धरतात.