लीथचे मऊ पाठीचे कासव
लीथचे मऊ पाठीचे कासव : दक्षिण भारतीय द्वीपकल्पातील नद्यांत व जलाशयांत राहणारे कासव. ट्रायोनिकिडी कुलातील या जातीचे शास्त्रीय नाव निल्सोनिया लीथाय आहे. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून तिचे वर्णन केले. गोदावरीच्या खोऱ्यात ती आढळते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्या याच खोऱ्यातील होत.

पृष्ठवर्मावर शृंगी पट्ट नसून ते मऊ कातडीने आच्छादलेले असते. त्याची लांबी सु. ६० सेंमी. पर्यंत भरते. रंग हिरवट असून पिलांच्या पाठीवर डोळ्यांसारखे ४ ते ६ ठिपके असतात. वाढीबरोबर ते पुसट होतात. प्रत्येक पायाच्या तीन बोटांनाच नखर असतात. मुस्कट नळीसारखे असल्याने शरीर पाण्याखाली ठेवून केवळ नाकपुड्या वर काढून श्वास घेता येतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कातडी व घशाचे अस्तर यांतूनही शोषला जातो. मासे, खेकडे, शिंपले, कीटकांच्या अळ्या व पाणवनस्पती हे याचे अन्न होय. मृत प्राणी खाऊन पाणी स्वच्छ राखण्यासही अशी कासवे मदत करतात.

मादी काठावर खड्डा करून गोल अंडी घालते. पिले वयात येण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे प्रौढ माद्यांची शिकार झाल्यास ती हानी लवकर भरून निघत नाही. मांसासाठी व कवचाच्या कडेच्या उपास्थीसाठी होणारी चोरटी पकड, मासेमारीची जाळी, वाळूउपसा, प्रदूषण आणि धरणांमुळे बदललेले प्रवाह यांमुळे ही जाती झपाट्याने घटली.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०२१ मध्ये तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली. २०२२ मध्ये वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या (सायटीस) पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश होऊन व्यापारी देवघेवीस बंदी झाली. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. मात्र हे कासव अभयारण्यांच्या सीमेबाहेरच्या पात्रातही वावरते. म्हणून विणीच्या काळात वाळूचे किनारे अबाधित ठेवणे आणि जाळ्यात सापडलेली कासवे जिवंत सोडण्यासाठी ढीवर व इतर मच्छीमारांचे सहकार्य मिळविणे, हे संरक्षणाचे मुख्य उपाय ठरतात.