प्रतिपिंडांची साक्ष

साथीच्या काळात रोग कोणाला झाला आहे हे ओळखणे जितके अगत्याचे, तितकेच तो कोणाला नकळत होऊन गेला हे जाणणेही अगत्याचे असते. २०२० साली कोरोना विषाणूची साथ जगभर पसरली, तेव्हा रुग्णालयांत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहिला; कारण लक्षणांवाचून संसर्ग झालेला सेवक तो रोग नकळत इतर रुग्णांपर्यंत नेऊ शकत होता.

नाकाघशातील स्रावाची तपासणी शरीरात त्या वेळी असलेल्या विषाणूचा मागोवा घेते. विषाणू नाहीसा झाल्यावर ती मुकी होते. रक्ताचे मात्र तसे नाही. संसर्गानंतर साधारणतः एक ते तीन आठवड्यांत त्या विषाणूविरुद्ध विशिष्ट प्रथिने रक्तात दिसू लागतात व कित्येक महिने टिकतात. हीच प्रतिपिंडे होत.

ती शोधण्याची एक रीत अशी : लहान खळग्यांच्या तळाशी विषाणूचे प्रथिन बसवून त्यांत तपासावयाचा रक्तरस घालतात. प्रतिपिंडे असल्यास ती प्रथिनाला चिकटतात. खळगे धुतले तरी निघत नाहीत. पुढे घातलेल्या रसायनांमुळे तेथे रंग उमटतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मे २०२० मध्ये सिद्ध केलेली ‘कोविड कवच’ ही चाचणी याच तत्त्वावर आधारलेली होती.

अशा चाचणीतून काय उघड होते, याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे मिळाले. तेथील विद्यापीठ रुग्णालयांत एप्रिल २०२० च्या अखेरीस, लक्षणे नसलेल्या व कामावर हजर असलेल्या सेवकांची तपासणी झाली. त्या दिवशी विषाणू सापडला तो केवळ २.४ टक्के लोकांत. परंतु ज्या ५१६ जणांचे रक्त तपासले, त्यांपैकी २४.४ टक्के लोकांत प्रतिपिंडे होती. आजारी पडल्याचे ज्यांना आठवत नव्हते, त्यांच्यातही हे प्रमाण १७.१ टक्के निघाले.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. सर्वांत मोठा धोका अतिदक्षता विभागात, अशी सर्वसामान्य समजूत होती. प्रत्यक्षात तेथे प्रमाण १४.८ टक्के, तर सफाई व व्यवस्था पाहणाऱ्या सेवकांत ३४.५ टक्के आढळले. अतिदक्षता विभागात अधिक काटेकोर संरक्षक पोशाख वापरला जात असे, हे या फरकाचे एक संभाव्य कारण होय. ज्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही, त्या सेवकांवर पडलेला भार या चाचणीने दाखवून दिला.

तरीही ही साक्ष तारतम्याने घ्यावी लागते. समजा, एखादी चाचणी संसर्ग झालेल्या सर्वांना ओळखते. पण न झालेल्या दर शंभरांतील चौघांनाही चुकून ‘झाला’ म्हणते. हजारांपैकी ५० जणांना संसर्ग झालेला असेल, तर ५० खऱ्या निष्कर्षांबरोबर ३८ खोटे निष्कर्ष हाती येतील. तेच २५० जणांना झालेला असेल, तर खोटे निष्कर्ष ३० च. म्हणजे चाचणी तीच असूनही तिच्यावरील भरवसा त्या समूहात रोग किती पसरला आहे यावर अवलंबून राहतो.

प्रतिपिंडे असलेला माणूस सुरक्षित समजावा काय? ऑक्सफर्डच्या रुग्णालयांतील सेवकांवर सुमारे सहा महिने लक्ष ठेवले गेले. आरंभी प्रतिपिंडे नसलेल्या ११,३६४ जणांपैकी २२३ जणांत पुढे विषाणू आढळला. प्रतिपिंडे असलेल्या १,२६५ जणांपैकी केवळ दोघांत, आणि त्या दोघांनाही लक्षणे नव्हती. हे संरक्षण मोठे होते, पण कायमचे नव्हे. २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन हा बदललेला प्रकार आला, तेव्हा पूर्वी संसर्ग होऊन गेलेल्या अनेकांना तो पुन्हा झाला.

लसीकरणानंतर चाचणीचा अर्थही बदलला. कारण लसीमुळेही प्रतिपिंडे निर्माण होतात. म्हणून ही चाचणी एका व्यक्तीला अभयपत्र देण्यापेक्षा, रोग कोणत्या वाटेने गेला आणि संरक्षण कोणापर्यंत पोहोचले नाही, हे रुग्णालयाला सांगण्यास अधिक उपयोगी ठरते.