खंदकातले कवी (लेखांक ६) : कात्री लागलेली पत्रं

गेल्या आठवड्यात सीगफ्रीड ससूनला आपण एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात आणून सोडलं होतं. युद्ध मुद्दाम लांबवलं जातंय, असं जाहीर निवेदन काढणाऱ्या आणि वर मिलिटरी क्रॉस मिळवलेल्या अधिकाऱ्याचं कोर्ट मार्शल करायचं म्हणजे नसता बोभाटा. त्यापेक्षा त्याचं डोकं ठिकाणावर नाही असं ठरवणं सरकारला सोयीचं पडलं. १९१७च्या ऑगस्टमध्ये एक दिवस त्याच्या दारावर टकटक झाली. ससून गोल्फच्या काठ्या पुसत बसला होता. आत आला तो एक बुटका, लाजाळू लेफ्टनंट. काखेत ससूनच्याच कवितासंग्रहाच्या प्रती, त्यांवर सह्या हव्या होत्या. बोलताना किंचित अडखळत होता. हा विल्फ्रेड ओवेन, वय चोवीस. तोफगोळ्यांच्या माऱ्यात मनाची पार चाळण होऊन इथे आलेला.

ससून हे नाव वाचून पुणे-मुंबईच्या वाचकांचे कान टवकारले असतील, तर ते बरोबरच आहे. पुण्याचं ससून रुग्णालय, कुलाब्याचा ससून डॉक, काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून वाचनालय ज्या बगदादी ज्यू घराण्याचं, त्याच घराण्यातला हा. पुण्यात लाल देवळाच्या आवारात ज्यांची कबर आहे ते डेव्हिड ससून याचे पणजोबा. वडिलांनी धर्माबाहेर लग्न केलं म्हणून घराण्याने त्यांच्याशी संबंध तोडले, आणि सीगफ्रीड केंटमध्ये घोडे, क्रिकेट आणि कविता यांत वाढला.

त्या भेटीनंतर ओवेन रोज काहीतरी लिहून आणू लागला. आज त्याची जी कविता जगभर शिकवली जाते, ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’, तिच्या मसुद्यावर ससूनच्या हातच्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या आहेत. एकाने ओळ लिहायची, दुसऱ्याने ती तपासायची, एवढ्यातून त्या थोड्या आठवड्यांत ओवेन हौशी कवीचा मोठा कवी झाला. नोव्हेंबरात इस्पितळातून सुटल्यावर त्याने ससूनला जे पत्र लिहिलं, त्यात ससून त्याला कीट्सही वाटतो, ख्रिस्तही आणि आपला कर्नलही. निव्वळ गुरूबद्दल असं कोणी लिहीत नाही. ओवेनचं ससूनवर प्रेम होतं, असं मी तरी ती पत्रं वाचून म्हणेन. त्यापुढे दोघांत काही घडलं, असं म्हणायला मात्र कागदोपत्री काही हाती लागत नाही आणि ओढूनताणून ते शोधण्यात मला रस नाही.

ससूनला स्वतःबद्दल शंका नव्हती. १९११मध्येच त्याने एडवर्ड कार्पेंटर या लेखकाला पत्र लिहून, तुमच्या पुस्तकाने मला माझीच ओळख पटवली, अशा अर्थाची कबुली दिली होती. पुढे पलटणीतला डेव्हिड थॉमस हा तरुण अधिकारी त्याचा जीव की प्राण झाला. १९१६च्या मार्चमध्ये थॉमस गोळी लागून गेला. त्यानंतर ससून रात्री-अपरात्री हातबाँब घेऊन काटेरी तारांपलीकडे जाऊ लागला. सैनिक त्याला ‘मॅड जॅक’ म्हणू लागले. वरिष्ठांना त्यात शौर्य दिसलं. त्यामागचं दुःख कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तो खरं उत्तर देऊ शकला नसता.

कारण कायदा. १८८५च्या कायद्याने पुरुषापुरुषांतल्या कोणत्याही ‘असभ्य वर्तना’ला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होती. आपल्याकडे ३७७ कलम ठेवून गेले तेच हे राज्यकर्ते. १८९५मध्ये याच कायद्याखाली ऑस्कर वाइल्ड तुरुंगात गेला होता. वाइल्डची अखेरपर्यंत साथ करणारा रॉबर्ट रॉस हा ससूनचा मित्र. ससूननेच ओवेनला त्याच्याकडे पाठवलं. १९१८मध्ये तर पेंबर्टन बिलिंग नावाच्या खासदाराने, असल्या ४७,००० इंग्रजांची यादी जर्मनांच्या हाती आहे, अशी आवई उठवली. बदनामीच्या खटल्यात तो निर्दोष सुटला आणि कोर्टाबाहेर लोकांनी त्याचा जयजयकार केला. समलिंगी म्हणजे फितूर, हे समीकरण त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या चांगलंच अंगवळणी पडलं.

आणि त्याच इंग्लंडमध्ये, त्याच वर्षांत, मेलेल्या सैनिकाच्या केसांवर, ओठांवर, हातांवर लिहिलेल्या पुरुषांच्या कविता आयाबहिणी डोळ्यांत पाणी आणून वाचत होत्या. अधिकाऱ्याने आपल्या जवानांवर मुलांसारखी माया करावी, ही तर अपेक्षाच होती. त्या मायेत दुसरं काही मिसळलेलं असेल अशी शंका घ्यायला कोणाची जीभ रेटत नव्हती. मेलेल्या पोरावर प्रेम केलेलं चालत होतं. तोच जिवंत असेल तर तुरुंग. ओवेनची करुणा आपण शंभर वर्षं ‘मानवतावादी’ म्हणून डोक्यावर घेतो. ती एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट ओढीतून आली असेल, हे कबूल करताना मात्र अभ्यासकही बराच काळ चाचरले.

ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये एका कालव्याच्या काठी मारला गेला. तार घरी पोचली ती ११ नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या दिवशी. त्याने आईला आधीच सांगून ठेवलं होतं की, कागदांचं एक पोतं जाळून टाक. आईने जाळलं. उरलेली पत्रं धाकटा भाऊ हॅरल्डकडे आली. त्याने त्यांतला नको तो मजकूर खोडला, कापला आणि मग ती छापू दिली. मला हॅरल्डचा राग येत नाही. भावाच्या नावाला बट्टा लागू नये, एवढंच तो पाहत होता. पण नुकसान झालं ते झालंच. ससूनने आपलं आपणच निस्तरलं : १९३३मध्ये लग्न केलं, मुलगा झाला, आत्मचरित्राचे खंडच्या खंड लिहिले आणि पुरुषांवरची प्रेमं त्यांतून वगळली. ती दिसली त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या डायऱ्यांत.

हॅरल्डने काटछाट केलेली ती पत्रं पुस्तकरूपात आली १९६७मध्ये. त्याच वर्षी २७ जुलैला इंग्लंड-वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील पुरुषांचे खासगीतले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून निघाले. ससून १ सप्टेंबरला वारला. म्हणजे सुमारे पाच आठवडे तो कायद्याच्या नजरेत निर्दोष जगला. सैन्याला मात्र ती सवलत नव्हती. चौकश्या, झडत्या आणि बडतर्फी पुढेही चालूच राहिल्या. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९९मध्ये फटकारल्यावर जानेवारी २०००मध्ये बंदी उठली. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती जुलै २०२३मध्ये, आणि हाकलून दिलेल्या सैनिकांसाठी प्रत्येकी ७०,००० पौंडांपर्यंत भरपाई जाहीर झाली डिसेंबर २०२४मध्ये.

पुढच्या आठवड्यात क्रेगलॉकहार्टचा डॉक्टर रिव्हर्स. निलगिरीच्या तोडा लोकांवर जाडजूड ग्रंथ लिहून आलेला हा माणूस ससूनला बरा करून पुन्हा खंदकात पाठवण्याचं काम करत होता.