विशेष मूल आणि परदेशची नोकरी

आमच्या बँकेच्या शाखेत परदेशी जाणाऱ्यांचे बरेचसे कागद आमच्या टेबलावरून जातात. कोणाला शिल्लक रकमेचा दाखला हवा असतो, कोणाला सहा महिन्यांचा खातेउतारा, तर कोणाला शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र. पूर्वी अशी माणसे वर्षातून एखाद-दुसरी येत. हिंजवडीला कंपन्या वसल्या, राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीमुळे आपल्या वस्त्यांतील मुलेही लंडन-मेलबर्नला शिकू लागली आणि आता आठवड्याला दोन-तीन तरी येतात. या गोष्टीचा आम्हांस आनंदच आहे. परंतु गेल्या वर्षी एका संध्याकाळी जो कागद आमच्या हाती आला, त्याने आम्हांस चांगलेच कोड्यात टाकले. त्या निमित्ताने जे शोधून काढावे लागले ते सभासद बंधू-भगिनींच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

आमच्या चुलतबहिणीचा मुलगा संगणक अभियंता आहे. त्याला कंपनीने मेलबर्नची जागा देऊ केली होती. घरात तो, त्याची पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि आमची आक्का. मुलाला स्वमग्नता आहे, म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात ती अवस्था. मोजके शब्द बोलतो, कुकरची शिट्टी झाली की कान घट्ट दाबून धरतो, पण पी.एम.टी.च्या जुन्या बसचे नंबर मात्र त्याला तोंडपाठ आहेत. भाचा दाखला घ्यायला आला आणि जाता जाता हळूच म्हणाला, "मामा, फॉर्ममध्ये त्याचं नाव लिहायलाच हवं का? आम्ही दोघं पुढं जातो, त्याला आक्कापाशी ठेवतो. दोन वर्षांनी नेऊ." आम्ही त्याला खाली बसविले आणि म्हटले, सही करण्याआधी जरा थांब.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी ठाऊक नव्हते. मग नियम वाचले, जाणकारांना विचारले. उत्तर असे की, लपविण्यात लाभ तर नाहीच, उलट मोठे नुकसान आहे. ऑस्ट्रेलियात व कॅनडात कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्याच्या आरोग्याबरोबर त्याच्या कुटुंबीयांचेही आरोग्य तपासले जाते. मूल सोबत येणार नसले तरी सर्वसाधारणपणे ही तपासणी सुटत नाही, आणि एक नापास तर सगळे नापास असा तो हिशेब आहे. कॅनडात तर अर्जाच्या वेळी ज्या मुलाचे नाव दिले नाही व ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावून घेण्याचा मार्ग सहसा बंद होतो. म्हणजे दोन वर्षांनी नेऊ म्हणून मागे ठेवलेले मूल कायमचेच मागे राहण्याची भीती. शिवाय खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास कॅनडात ५ वर्षे व ऑस्ट्रेलियात बहुधा ३ वर्षे दार बंद होते. हे कळल्यावर भाच्याची पत्नी एवढेच म्हणाली, "बरं झालं. मला त्याला ठेवून जायचंच नव्हतं." तिला हे आधी कोणी विचारलेच नव्हते!

आता हे देश असे का करतात? वृत्ती जुनी आहे. अमेरिकेने १८८२ सालच्या कायद्यानेच वेडसर, मतिमंद व स्वतःचा सांभाळ करू न शकणाऱ्या माणसांना प्रवेश नाकारला आणि १९०७ साली ही यादी आणखी वाढविली. न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर डॉक्टर उतारूंना नुसते चालताना पाहत आणि संशय आला की त्याच्या कोटावर खडूने अक्षर काढीत. बुद्धीविषयी शंका असेल तर एक्स. १९१३ साली बाबासाहेब शिक्षणासाठी ज्या न्यूयॉर्कला पोहोचले, त्याच बंदरात त्या वर्षीही ही खडूची खूण चालू होती. आपल्याकडे माणसावर जन्मावरून शिक्का मारीत, तेथे खांद्यावर मारीत. असो.

आज खडू गेला आणि त्याच्या जागी कॅलक्युलेटर आला. ऑस्ट्रेलियात सरकारी डॉक्टर असा हिशेब करतात, की या व्यक्तीच्या आजारासाठी वा अपंगत्वासाठी सरकारी तिजोरीवर किती खर्च पडेल. ती रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की व्हिसा नाकारता येतो. १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. त्याआधी ती ५१,००० होती. आकडा मोठा वाटतो, परंतु वाचकांनी फसू नये. कायम वास्तव्यासाठी आणि जन्मभराच्या अवस्थेसाठी हा खर्च १० वर्षांपर्यंतचा धरतात. म्हणजे वर्षाला ८,६०० डॉलर. अपंगत्वाच्या सेवा व आधार धरले तर हा आकडा कधी ओलांडला जातो ते कळतही नाही. गंमत अशी, की त्या देशात अपंगांविरुद्ध भेदभाव करू नये असा १९९२ सालचा कायदा आहे, पण परदेशी लोकांच्या प्रवेशाचा कायदा त्यातून वगळलेला आहे!

याचे परिणाम काय होतात ते दोन उदाहरणांवरून कळेल. व्हिक्टोरिया राज्यातील हॉर्शम नावाच्या गावी एक जर्मन डॉक्टर काम करीत होते. गावाला डॉक्टर मिळत नव्हते आणि हे मिळाले होते. त्यांच्या मुलाला डाऊन सिंड्रोम असल्याने २००८ साली कुटुंबाचा कायम वास्तव्याचा अर्ज फेटाळला गेला. गाव खवळले, वृत्तपत्रांत गाजले आणि अखेर मंत्र्यांनी स्वतःचा अधिकार वापरून परवानगी दिली. दुसरे उदाहरण आपल्या देशातलेच, पर्थ येथे राहणाऱ्या केरळी कुटुंबाचे. आईवडील दोघेही कुशल, तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरीला. सात वर्षे तेथे कर भरला, घर थाटले. मुलाला डाऊन सिंड्रोम. कायमचा अर्ज नाकारला आणि देश सोडण्याची पाळी आली. २०२३ च्या मार्चमध्ये तेथेही मंत्र्यांनी हस्तक्षेप केला. दोन्ही गोष्टींचा शेवट गोड झाला हे खरे, परंतु मंत्र्यांच्या कृपेपर्यंत पोहोचलेल्यांचीच नावे आपल्या कानावर येतात, हे ध्यानात ठेवावे.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर जाताना खर्चाचा हिशेब फक्त त्या मुदतीपुरता होतो आणि काही वर्गांत आरोग्याची अट शिथिलही करता येते. त्यामुळे प्रवेश मिळतो. खरी परीक्षा चार-पाच वर्षांनी, कायम वास्तव्याच्या वेळी येते. तोपर्यंत मूल तेथील शाळेत रुळलेले असते आणि पुण्याचे घर भाड्याने दिलेले असते. म्हणून कंपनीचा माणूस "व्हिसा होऊन जाईल" असे म्हणाला तर कोणता व्हिसा आणि त्यापुढे काय, हे दोन्ही विचारावे. आमच्या भाच्याला कंपनीच्या माणसाने पुढचे काहीच सांगितले नव्हते.

कॅनडाने मात्र आपला नियम बराच बदलला. तेथे जास्त भार टाकणाऱ्याला प्रवेश नाही असे कलम होते व आजही आहे. पण २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दोन परदेशी कुटुंबांच्या दाव्यात असा निकाल दिला, की मुलाला बौद्धिक अपंगत्व आहे एवढ्या नावावर निर्णय घेऊ नका, त्या कुटुंबाची प्रत्यक्ष परिस्थिती पाहा. पुढे २०१८ साली सरकारने खर्चाची मर्यादा जवळजवळ तिप्पट केली आणि विशेष शिक्षणाचा खर्च हिशेबातून काढून टाकला. याचा अर्थ असा, की ज्या मुलाला महागडी औषधे वा इस्पितळ लागत नाही, फक्त वेगळ्या पद्धतीची शाळा व मदत लागते, त्याच्या आईवडिलांना आता तेथे पूर्वीइतकी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. न्यूझीलंडनेही २०२२ साली मर्यादा ४१,००० वरून ८१,००० डॉलरवर नेली, पण तेथील वैद्यकीय अटी अजून कडक आहेत.

इंग्लंडमध्ये असा खर्चाचा काटाच नाही. क्षयरोगाची तपासणी होते, मुलाच्या बुद्धीची होत नाही. मात्र आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड असा त्याचा दर आहे. आईवडील व एक मूल यांचा ५ वर्षांचा हिशेब आम्ही मांडून पाहिला तो १४,२३० पौंड झाला, व्हिसाची फी वेगळी. कंपनी हे भरणार की आपण, हे आधी लिहून घ्यावे. (परिचारिका व डॉक्टरांच्या खास व्हिसाला हा अधिभार नाही.) तेथील सरकारी शाळेत विशेष मुलासाठी कायद्याने बांधील असा लेखी आराखडा करून घेता येतो आणि तो वयाच्या २५ वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. परंतु अपंग मुलासाठी मिळणारा सरकारी भत्ता व्हिसावर गेलेल्यांना सहसा मिळत नाही. शाळा मिळते, पैसा मिळत नाही, असे थोडक्यात समजावे.

अमेरिकेची गोष्ट आणखी निराळी. तेथे १९७५ सालच्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला सरकारी शाळेत मोफत व योग्य शिक्षण देणे बंधनकारक आहे. ३ ते २१ वयोगटातील मुलासाठी शिक्षक, तज्ज्ञ व आईवडील एकत्र बसून वर्षाचा आराखडा ठरवितात. आईवडील कोणत्या व्हिसावर आले हे शाळा विचारीत नाही. पुण्यातून गेलेल्या कित्येक कुटुंबांनी या एका गोष्टीसाठी तेथील कडाक्याची थंडी सोसली आहे. परंतु मेख पुढे आहे. नोकरीच्या व्हिसावरील माणसाचे मूल २१ वर्षांचे झाले की त्याचे आश्रित म्हणून राहणे संपते. भारतीयांच्या ग्रीन कार्डाची रांग तर कित्येक वर्षांची. धडधाकट मुलगा निदान विद्यार्थी व्हिसा तरी काढील. ज्याला स्वतःच्या सहीचा अर्थही नीट कळत नाही, त्याने काय करावे? जाणाऱ्याने मुलाचे आजचे वय वहीत लिहावे व २१ मधून वजा करावे. उरलेली वर्षे पुरतील का, हा खरा प्रश्न आहे. शिवाय २०२५ सालापासून नव्या नोकरी-व्हिसावर जबर फी लावण्याचे आदेश निघाले, त्यामुळे तेथील दारही पूर्वीसारखे उघडे राहिले नाही.

येथे आम्हांस मुंबईच्या मिठू अलूर यांची आठवण होते. त्यांची मुलगी मालिनी हिचा जन्म १९६६ चा. तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हातापायांवर व बोलण्यावर ताबा नसणे. भारतात डॉक्टरांनी आशा सोडली होती. कुटुंब इंग्लंडला गेले, तेथे मुलीला शाळा मिळाली आणि तिची बुद्धी शाबूत आहे हे सिद्ध झाले. परत आल्यावर मुंबईत तिला घेणारी शाळा नव्हती, तेव्हा आईने १९७२ साली कुलाब्यात मोजक्या मुलांची शाळा स्वतःच काढली. स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ती हीच. पुढे मालिनी चिब यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळविल्या आणि आत्मचरित्र लिहिले. ही गोष्ट सांगण्याचे कारण, परदेश म्हणजे कायमचेच जाणे असे नव्हे. काही वर्षे राहून शिकून परत येणे हाही एक मार्ग आहे. आणि आज पुण्याला कामायनी आहे, बालकल्याण संस्था आहे. १९७२ ची परिस्थिती आता राहिलेली नाही.

जो जाईल त्याने आणखी काही गोष्टी पाहाव्यात. मुलाच्या तपासण्यांचे सर्व अहवाल इंग्रजीत व तारखेसह घ्यावेत. येथील अपंगत्वाचे प्रमाणपत्र तेथे चालत नाही, पण कोणती थेरपी किती दिवस चालली याची नोंद फार उपयोगी पडते. तेथे कोणी "घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला" असा सल्ला दिला तर घाबरू नये. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न वा डाऊन सिंड्रोमच्या मुलांचे नुकसान होते असे अभ्यासांत दिसलेले नाही. आईची भाषा तोडली तर घरात बोलायला उरते कोण? तेथे आक्का नसते, शेजारच्या वहिनी नसतात, मूल जिन्यात बसले तर हाताला धरून वर आणणारे कोणी नसते. आश्रित व्हिसावरच्या आईला कित्येकदा नोकरीची परवानगीही नसते. आमच्या मते खर्चाच्या हिशेबाआधी हा हिशेब मांडावा.

मूल १८ वर्षांचे झाले असेल तर आणखी एक काम. कायद्याने ते सज्ञान होते आणि आईवडिलांची सही त्याच्या खात्यावर चालत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालकत्वाचे प्रमाणपत्र देते व बँका ते ग्राह्य धरतात. हे काम विमानात बसण्यापूर्वी उरकावे. काउंटरवर रडलेल्या आया आम्ही पाहिल्या आहेत.

भाच्याने मेलबर्नला नकार कळविला. कंपनीकडे लंडनची जागा मागितली, ती आठ महिन्यांनी मिळाली. अर्जात तिघांची नावे आहेत आणि मुलाच्या रकान्यात जे आहे ते स्वच्छ लिहिले आहे. अधिभाराची रक्कम कंपनी निम्मी भरणार आहे, निम्मी त्याने आमच्या शाखेतून कर्ज काढून उभी केली. व्हिसाचा निकाल हा मजकूर छापायला जाईपर्यंत आलेला नव्हता. आक्का मात्र आतापासूनच पणतूला लंडनच्या बसचे नंबर वाचून दाखविते आहे, आणि ती एखादा चुकली की तो दुरुस्त करतो.

ज्या सभासदांच्या घरी असा प्रश्न असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत संस्थेच्या वाचनालयात आम्हांस भेटावे. नियमांच्या प्रती व भाच्याने तयार केलेली कागदांची यादी तेथे पाहावयास मिळेल.